एवारिस्तोची तब्येत

५ जानेवारी, रविवार

एवारिस्तो आज आमच्या घरी आला. मद्रिना चोना स्वतः त्याला कालव्यातून होडीने घेऊन आली. मांडीवर बादली, बादलीवर टोपलं, टोपल्यावर तिची पर्स. माझी धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातात धरणारी हीच. त्या दिवशी डोक्यावर पाणी पडताच मी शिंकले आणि आईने फादरांच्या देखत मला तिच्या हातून ओढून घेतलं, ही गोष्ट ती प्रत्येक भेटीत सांगते. आजही सांगितली.

मद्रिनाचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. ते होऊन बरी होईपर्यंत ती केरेतारोला मुलाकडे राहणार आणि कांदेलारियाच्या सणाला, म्हणजे २ फेब्रुवारीला, परत येणार. तोवर तिचा हा अखोलोते, पाण्यातला सरडाच जणू, माझ्याकडे.

अखोलोते मी लहानपणापासून पाहिलेत, पण लांबून. आई जवळ जाऊ द्यायची नाही. एवारिस्तो वीतभर लांब, काळपट, चार आखूड पायांचा. मानेच्या दोन्ही बाजूंना लाल पिसांसारखे कल्ले, आणि तोंडावर कायमचं हसू. मद्रिनाने त्याला आपल्या वारलेल्या नवऱ्याचं नाव दिलंय. म्हणते, तोही असाच तळाशी बसून हसायचा आणि हलायचा फक्त जेवायला.

आता मुद्द्याची गोष्ट. मद्रिनाने सगळ्यांसमोर शब्द दिला. एवारिस्तो कांदेलारियाला ठणठणीत दिसला तर ती मला तिच्या रोपवाटिकेत कामाला नेणार. मागच्या खोलीत राहायचं, फुलझाडं बघायची. दोन वर्षं मी हेच मागतेय. आई म्हणाली, हिला स्वेटर घालायची आठवण मी करून देते, ही काय झाडं बघणार! मद्रिना म्हणाली, मग एक जीव सांभाळून दाखवू दे की. माझा भाऊ नाबोर म्हणाला, बिचारा एवारिस्तो.

एवारिस्तोला काय काय लागतं म्हणून विचारलं. मद्रिना म्हणाली, गांडूळ दे, सावलीत ठेव आणि त्याच्या वाटेला जाऊ नकोस. पाणी कुठलं, विचारलं. म्हणाली, आहे तेच.

बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि त्यात काहीतरी पोहत होतं. मद्रिनाची होडी वळणाआड जाईपर्यंत मी गप्प राहिले.

निश्चय: शांत राहायचं. आईसारखा बाऊ करायचा नाही.

संध्याकाळी काचेची टाकी ब्रशने घासली, नळाचं पाणी भरलं, भाज्या निर्जंतुक करायचे थेंब टाकले आणि एवारिस्तोला आत सोडलं. आता टाकीच्या आरपार घड्याळातले आकडे वाचता येतात.

६ जानेवारी, सोमवार

तीन राजांचा सण. गोल पाव कापला. पावात लपवलेली प्लास्टिकची बाळं आई दर वर्षी पाव उलटा करून आधी बाहेर काढते, थेंबांच्या पाण्यात भिजवते आणि परत खुपसते. त्यामुळे बाळ कुठे आहे ते भोकावरून सगळ्यांना कळतं. ज्याच्या तुकड्यात बाळ, त्याने कांदेलारियाला सगळ्यांना तामालेस, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले मक्याचे उंडे, खाऊ घालायचे, म्हणून नाबोर बरोबर भोकं टाळून कापतो. मला ती लबाडी वाटते. मी डोळे मिटून कापला. बाळ मलाच आलं. गेल्या वर्षीही आलं होतं.

एवारिस्तो हसतोय.

८ जानेवारी, बुधवार

एवारिस्तो जेवत नाही.

कारण मला लगेच कळलं. गांडुळं कचऱ्याच्या ढिगातली होती. आम्ही लेट्यूसचं पानसुद्धा थेंबांत भिजवल्याशिवाय तोंडात घालत नाही आणि त्याने ढिगातलं गांडूळ तसंच खायचं? गांडुळं नीट धुतली, थेंबांच्या पाण्यात ठेवली, परत धुतली. नाबोर म्हणाला, आता त्यांना टॉवेल दे. मी लक्ष दिलं नाही.

एवारिस्तोने एक तोंडात घेतलं आणि थुंकलं. गांडूळही हलत नव्हतं. बहुतेक मुळातच अशक्त असेल.

१० जानेवारी, शुक्रवार

शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलंय. कल्ले पुढे झुकलेत, जोराच्या वाऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या केसांसारखे. एखाद्याने हे बघितलंही नसतं. मला दिसलं, कारण मी बारकाईने बघते. बाऊ करणं वेगळं आणि बारकाईने बघणं वेगळं.

पाण्याला बारीकसा वासही येतोय. आईला येत नाही, म्हणजे खूपच बारीक असणार. आजपासून सगळं पाणी रोज सकाळी बदलायचं. टाकी दर वेळी घासायची. थेंब जरा वाढवायचे.

१२ जानेवारी, रविवार

मद्रिनाचा फोन आला. ऑपरेशन छान झालं. टाके दुखतात म्हणून हसायला बंदी आहे, आणि सून नेमकी विनोदी आहे, असं म्हणाली. एवारिस्तो कसा आहे, विचारलं. मी म्हटलं, हसतोय. हे खोटं नाही. तो हसतोच.

कल्ल्यांचा लाल रंग फिका पडलाय. आज पाणी संध्याकाळीही बदललं.

घरात कुणाची मदत नाही. नाबोर पर्यटकांना होडीतून फिरवतो, घरी येतो, टाकीच्या काचेवर टकटक करतो आणि म्हणतो, काय मेव्हणे? हा शब्द इथे कसा लागू होतो ते विचारलं, तर म्हणाला, तुझ्याशी लग्न करणारा असाच निघणार, दिवसभर घासून घासून पांढरा झालेला.

१४ जानेवारी, मंगळवार

एवारिस्तोला डॉक्टर सामुदियोंकडे नेलं. ते कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर. वेटिंग रूममध्ये एका बाईंनी बादलीत डोकावून सांगितलं की त्यांची आजी याचा काढा करून खोकल्याला द्यायची. मी बादली पायांमागे घेतली.

डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, पुस्तकात याला अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात, पुस्तक बघतो. पुस्तक बघून आले. म्हणाले, याला काही रोग झालेला दिसत नाही. याला पाणी टोचतंय. टाकी किती दिवसांनी धुता? मी सांगितलं, रोज दोनदा. आवाजात थोडा अभिमान आला, ते बरोबर नव्हतं. पण डॉक्टर काही कौतुक करण्याच्या बेतात नव्हते. त्यांनी विचारलं, पाण्यात काही घालता का?

मी म्हटलं, नाही, काहीच नाही.

घरी येताना मनात आलं, थेंब सांगायला हवे होते का? पण थेंब म्हणजे पाण्यात काही घालणं नव्हे. थेंब पाण्यातच असतात. आमच्याकडे असं पाणी कुणी पाहिलंच नाही ज्यात थेंब नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं की पाणी आहे तसं राहू द्या, आठवड्यातून थोडंसं बदला, घासू नका. अंगावर कापसासारखं पांढरं काही दिसलं तरच मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. बाकी काही करू नका.

काही न करण्याचे पैसे घेतले. आई म्हणते, कुत्र्यांचे डॉक्टर, कुत्री गटारातलं पितात, त्यांना काय कळणार! आईशी माझं सहसा पटत नाही.

मध्यम मार्ग काढला. टाकी घासायची, पण हळू.

१६ जानेवारी, गुरुवार

हळू घासण्याचा उपयोग नाही. उद्या संत अंतोनियोचा दिवस, जनावरांना आशीर्वाद देतात. एवारिस्तोला घेऊन जाणार. बादलीला निळी रिबीन बांधली.

१७ जानेवारी, शुक्रवार

चर्चच्या अंगणात ही गर्दी. स्वेटर घातलेली कुत्री, टोपलीत कोंबड्या, खांद्यावर पोपट. एक पोपट सारखा घाणेरडं बोलत होता आणि त्याची मालकीण आम्हा सगळ्यांकडे रागाने बघत होती, जणू आम्हीच शिकवलं.

फादर हिल्दार्दो पवित्र पाण्याची बादली घेऊन रांगेतून येऊ लागले. ते पाणी मी पाहिलं. तेच फूल बुडवत, झटकत, परत बुडवत येत होते. फुलाला एका बकरीने तोंडही लावलं होतं. आमच्यापाशी फादर आले आणि फूल उचललं, तेवढ्यात माझ्या हाताने बादलीवर झाकण ठेवलं.

माझ्या हाताने, म्हणजे मी ठरवलं नव्हतं.

आशीर्वाद झाकणावर पडला. फादर पुढच्या कोंबडीकडे वळले. नाबोर म्हणाला, छान, झाकण आता शंभर वर्षं जगेल.

१८ जानेवारी, शनिवार

कन्फेशनला गेले. झाकणाचं सांगितलं. झाकणावर पडलेला आशीर्वाद आतल्याला लागतो का, हेही विचारलं. मग ओघात सगळंच सांगितलं. पाणी, घासणं, गांडुळं, डॉक्टर, आणि मद्रिनाला जे सांगितलं ते खोटं नसूनही खोटं वाटतंय, ते. फादर जाळीपलीकडून म्हणाले, मुली, तुझ्यामागे रांग आहे.

मग त्यांनी प्रायश्चित्त दिलं. मला वाटलं, जपमाळ असेल. नाही. पुढच्या शनिवारपर्यंत त्या टाकीला हात लावायचा नाही. गांडूळ टाक आणि निघ, म्हणाले.

मी विचारलं, त्याऐवजी रोज पाच जपमाळा केल्या तर? नाही म्हणाले. विचारलं, काच बाहेरून पुसली तर? त्यांनी जाळीवर बोटाने टकटक केली. मग म्हणाले, मुली, जा आता.

नऊ वर्षांची होईपर्यंत आईने मला घरीच शिकवलं. शाळेच्या बाकावर कोण कुठून येऊन बसतं कुणाला ठाऊक, असं ती म्हणायची. त्यामुळे मला बाहेरच्या माणसाने सांगितलेली शिक्षा पाळायची सवय कमी आहे. पण पाळणार. हे देवाचं काम आहे.

१९ जानेवारी, रविवार

हात लावला नाही. दिवसभर टाकीसमोर बसून राहिले, म्हणजे लक्षात राहावं की हात लावायचा नाही.

एवारिस्तोने संध्याकाळी चक्क एक गांडूळ खाल्लं. न धुतलेलं होतं. धुवायला वेळच झाला नाही. प्रायश्चित्ताचा गुण.

२० जानेवारी, सोमवार

पाण्यावर बारीक साय धरलीय.

फादरांचे शब्द जसेच्या तसे आठवून पाहिले. ते म्हणाले, टाकीला हात लावायचा नाही. डावाने पाणी काढलं तर हात डावाला लागतो. थेंब तर बाटलीतूनच पडतात, त्यांना कुणीच हात लावत नाही. रबरी नळीने भरलं. ब्रशला लांब काठी बांधली.

नाबोर बघत होता. म्हणाला, दुले, तू वकील व्हायला हवं होतंस.

प्रायश्चित्त तंतोतंत पाळलं.

२१ जानेवारी, मंगळवार

एवारिस्तोच्या डाव्या कल्ल्यावर पांढरं, कापसासारखं.

झाकणाची शिक्षा. दुसरं काय?

२२ जानेवारी, बुधवार

मिठाच्या पाण्यात ठेवलं. डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितली होती. मी मीठ आधी थेंबांच्या पाण्यात विरघळवलं, मग ते गाळलं, मग मला वाटलं गाळताना मीठ राहिलं असेल, म्हणून परत घातलं. दहा मिनिटांच्या आतच तो एका कुशीवर झाला. लगेच काढला.

टाकीत तो आता तळाशी बसत नाही. वाकडा होऊन वर तरंगतो. एक पाय वर. तोंडावर तेच हसू. ते हसू मला बघवत नाही.

आई म्हणाली, मी आधीच सांगितलं होतं. काय सांगितलं होतं ते विचारलं तर म्हणाली, सगळंच.

मद्रिनाचा फोन आला. एवारिस्तो काय करतोय, विचारलं. मी म्हटलं, पोहतोय. फोन ठेवल्यावर टाकीशेजारी जमिनीवर बसले आणि त्याला म्हटलं, मरू नकोस रे. तू मेलास तर मी या घरातून कधीच बाहेर पडणार नाही. हे स्वार्थी होतं, शनिवारी सांगावं लागेल. मग नुसतंच म्हटलं, मरू नकोस.

उद्यापासून पूर्ण उपचार. दिवसातून तीनदा पाणी, थेंब दुप्पट, टाकीभोवती स्वच्छ पडदा.

२३ जानेवारी, गुरुवार

सकाळी पडदा लावताना शिंकले. एकदाच. धूळ होती.

आई स्वयंपाकघरातून धावत आली.

२४ जानेवारी, शुक्रवार

मला अंथरुणात घातलंय. ताप नाही. थर्मामीटर म्हणतो नाही. आई म्हणते, थर्मामीटर जुना झालाय.

मला काही झालेलं नाही हे सांगायला उठले तर दारातूनच परत पाठवलं. नाबोरला हाक मारून सगळं समजावलं: पाणी तीनदा, थेंब दुप्पट, गांडुळं धुऊन, पडदा बंद. त्याने दाराच्या चौकटीला टेकून मान हलवली. एवढ्या सहज मान हलवणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

२६ जानेवारी, रविवार

आई माझ्या चादरी दिवसातून तीनदा बदलते. जरा डोळा लागतो तोवर उठवते, चादर ओढते, नवी घालते. ती थंडगार असते. मग मला हुडहुडी भरते. मग म्हणते, बघ, हुडहुडी भरतेय.

२७ जानेवारी, सोमवार

मऊ भात. पाण्यात थेंब इतके की जिभेला चव लागते. मी पेला अर्धा प्यायले आणि ठेवला तर आई म्हणते, भूक मेली हिची.

नाबोरला विचारलं, एवारिस्तो? म्हणाला, आहे. पाणी बदललंस? म्हणाला, काळजी करू नकोस. हे उत्तर नव्हे.

२८ जानेवारी, मंगळवार

मी आता खरंच अशक्त झालेय. उभी राहिले की भिंत हलते. चार दिवस भात आणि झोप नाही, दुसरं काय होणार? माणसाला बरं व्हायचं असेल तर त्याला जरा आपल्या मनाने राहू द्यायला हवं, एवढी साधी गोष्ट या बाईला कशी कळत नाही? एखाद्याच्या मागे इतकं लागल्यावर चांगला धडधाकट माणूसही तळाला जाईल.

नाबोरला निरोप: आजपासून पाणी चारदा.

३० जानेवारी, गुरुवार

खिडकी उघडायची नाही. पडदा बंद. आई उशाशी बसून कांदेलारियासाठी बाळ येशूच्या मूर्तीला नवे कपडे शिवतेय. पांढरा झगा, पंखांसारखी बाही. म्हणाली, तू लहान असताना तुला अशीच नटवायचे, तू इतकी शांत बसायचीस. मी म्हटलं, मी आजारी असायचे. म्हणाली, हो ना, सारखी आजारी. एकदा तीन आठवडे मलाच दवाखान्यात राहावं लागलं, तेव्हा चोनाकडे ठेवलं होतं तुला. तेवढे दिवस बरी होतीस, कसं कोण जाणे! घरी आणून आंघोळ घातली आणि दुसऱ्या दिवशी खोकला सुरू.

आई हे सांगताना सुई तोंडात धरून हसत होती. मला वाईट वाटलं. तिने तेव्हाही किती कष्ट घेतले असतील.

एवारिस्तोची काहीच बातमी नाही. विचारायला भीती वाटते.

१ फेब्रुवारी, शनिवार

आईने मला बरी जाहीर केलं. टाकीकडे गेले.

टाकी रिकामी. उलटी करून उन्हात ठेवलेली. लखलखीत.

मी ओरडले. आई म्हणाली, ओरडू नकोस, घसा धरेल. तुझी शिंक त्या पाण्यातूनच आली होती, म्हणून त्याच दिवशी मी नाबोरला सांगितलं, घराबाहेर काढ ते. हे मला इतके दिवस कुणी सांगितलं नाही, कारण, आई म्हणते, आजाऱ्याला त्रास द्यायचा नसतो.

नाबोर मागच्या बाजूला कपडे धुण्याच्या जुन्या दगडी हौदाकडे घेऊन गेला. हौद कालव्याच्या पाण्याने भरला होता. म्हणाला, कालवा पाठीमागेच आहे, नळाचं पाणी इथवर वाहून कोण आणणार! पाणी कितीदा बदललंस, विचारलं. म्हणाला, कुठलं पाणी? थेंब? नाही. गांडुळं? म्हणाला, तिथे काहीतरी वळवळत असतं, तेच खात असेल. मी आलो की वर येतो. मी हॅलो म्हणतो.

हौद हिरवा. वर शेवाळ, खाली चिखल, कुठून तरी आलेलं पान कुजलेलं. बोट आत घातलं. घालताना डोळे मिटले.

बोटाला चावलं.

एवारिस्तो वर आला होता. कल्ले लालभडक, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे पसरलेले. कापूस नाही. शेपटी सरळ. सरळ पोहला, वळला, आणि तळाच्या चिखलात जाऊन बसला. हसत.

मी हौदाच्या कडेला बसून रडले. नाबोर म्हणाला, अगं, जिवंत आहे तो. मी म्हटलं, दिसतंय मला. म्हणाला, मग? आता नाबोरला मी काय सांगणार?

शांत झाल्यावर विचार केला. माझ्या उपचारांचा गुण उशिरा आला. उपचार असेच असतात, लगेच दिसत नाहीत. मिठाचं पाणी बहुतेक आतून काम करत होतं. दिवस तेवढे लागायचेच होते. फक्त हे शेवाळ आणि चिखल. मद्रिनाने त्याला अशा घाणीत बघता कामा नये.

उद्या लवकर उठून हौद घासायचा. आज उजेड संपत आलाय आणि आई खिडकीतून बघतेय.

२ फेब्रुवारी, रविवार. कांदेलारिया

सकाळी ब्रश आणि बाटली घेऊन मागे गेले. पहिला ब्रश मारणार, एवढ्यात कालव्यावर मद्रिनाची होडी. दुपारी येणार होती. पोटाला हात धरून उतरली, मला मिठी मारली नाही, सरळ हौदाकडे गेली.

बराच वेळ बघत राहिली. मी बाटली पाठीमागे धरली.

एवारिस्तो वर आला. मद्रिनाने बोट पुढे केलं, त्याने तिचंही धरलं. ती म्हणाली, म्हाताऱ्या, जाड झालास की रे! मग माझ्याकडे वळून म्हणाली, दुले, अगदी माझ्या घरच्यासारखा हौद केलास गं. मला वाटलं होतं, तू त्याला धुऊन वाळत घालशील.

मी सांगणार होते. शब्द तोंडाशी आले होते. पण नाबोर मधेच म्हणाला, मद्रिना, रात्रंदिवस खपली हो ती! आणि मद्रिना हसायला लागली, आणि टाके दुखले म्हणून ओय ओय करत खाली बसली. मी गप्प राहिले. गप्प राहणं खोटं असतं का, फादरांना विचारलं पाहिजे. पण मी खपले होते, हे खरंच आहे.

दुपारी तामालेस. बाळ मला आलं होतं, पण मी आजारी होते, म्हणून नाबोर विकतचे घेऊन आला. कुणी केले ते माहीत नाही म्हणून आईने एकही खाल्ला नाही. मद्रिनाने चार खाल्ले आणि पानं चाटली. मग रुमालाला हात पुसून म्हणाली, चल, आवर. उजेड आहे तोवर निघू.

आईचा चेहरा उतरला. नव्या झग्यातली बाळ येशूची मूर्ती तिच्या मांडीवर होती. ती म्हणाली, आजच? नुकती उठलीय अंथरुणातून. तिथे पाणी कुठलं पितात? त्या खोलीत ओल असेल. पालेभाजी तरी नीट धुता का तुम्ही?

मद्रिना आईला म्हणाली, कोमाद्रे, पोरगी आहे ती, पालेभाजी नाही.

आईने बाळाचा झगा सारखा केला, जो सारखाच होता. मग उठून आत गेली आणि माझा स्वेटर घेऊन आली. घाल, म्हणाली. मी घातला. उकडत होतं.

होडीत बसताना मद्रिनाने बादली माझ्या मांडीवर दिली. हौदातलंच पाणी, चिखलासकट. एकच अट सांगते, म्हणाली. रोपवाटिकेत काय वाटेल ते कर. याच्या हौदाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, मी कशाला लावेन?

नाबोरने बांबू टेकवून होडी ढकलली. आई काठावर उभी होती, बाळ कडेवर. वळणापर्यंत हात हलवत होती. मग मला वाटलं, तिला थंडी वाजत असेल, तिने स्वतःचा स्वेटर घातला नव्हता.

३ फेब्रुवारी, सोमवार. मद्रिनाची रोपवाटिका

खोली छान. खिडकी उघडी ठेवून झोपले. सकाळी एक पेरू झाडावरून तोडला. पुसला. बराच पुसला. खाल्ला.

खरंच नवी सुरुवात. आता मला कुणी बघणारं नाही. मी कधी बाऊ करणाऱ्यांपैकी नव्हतेच. त्या घरात राहून तसं वाटायचं, इतकंच.

पिशवी लावायला घेतली. कपड्यांच्या घडीत, स्वेटरच्या बाहीत गुंडाळून, आईने थेंबांची बाटली ठेवलेली! न विचारता. मी काय लहान आहे? इतका राग आला की बराच वेळ हातात बाटली धरून तशीच बसले.

मी आधीच दोन आणल्या होत्या.

तिन्ही खिडकीत ओळीने ठेवल्यात. मद्रिना येऊन बघून गेली. जाताना पोटाला हात धरला, टाके दुखले असतील.

संध्याकाळी रोपांना पाणी घालताना हौदावरून गेले. एवारिस्तोच्या शेपटीचं टोक किंचित वळल्यासारखं वाटलं. उजेड तसा होता, त्यामुळेही असेल. मी काही करणार नाहीये. नुसती नोंद करून ठेवतेय.

फक्त एकदा जवळून बघून येते.